ॲम्का येईपर्यंत परदेशी स्टेल्थ विमान घ्यावं का? माझं मत: नको

मेघमंडल

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या एरो इंडियात रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ ही दोन्ही स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारी, विमानं आली. सप्टेंबरात चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन (तुकड्या) उरल्या. मंजूर आहेत ४२. या दोन गोष्टी एकत्र करून आता जोरात मागणी होते आहे की आपलं स्वदेशी स्टेल्थ विमान ॲम्का दाखल व्हायला २०३५ उजाडेल, तोवर या दोघांपैकी एकाच्या दोन स्क्वाड्रन घेऊन टाका.

माझा याला विरोध आहे, आणि कारण फक्त पैसा नाही.

स्टेल्थ विमान विकत मिळतं, पण त्याची स्टेल्थ रोज टिकवावी लागते. १९७०च्या दशकात लॉकहीडच्या 'हॅव ब्ल्यू' या प्रायोगिक विमानाची चाचणी चालू असताना ते एकदा रडारवर एकदम ठळक दिसायला लागलं. शोधलं तेव्हा तीन स्क्रू पुरते आवळलेले नव्हते. त्यांची डोकी पृष्ठभागाच्या वर आली होती, तीही तीन मिलिमीटरहून कमी. आता असंच विमान लडाखच्या धुळीत आणि आसामच्या पावसात वर्षानुवर्षं उडवायचं आहे. दुरुस्तीसाठी झाकण उघडलं की सांध्यांवर रडारलहरी शोषणारा लेप पुन्हा द्या, पुन्हा मोजणी करा. लेपाचं रसायन विकणाऱ्याकडे, मोजणीची यंत्रं विकणाऱ्याकडे, आणि शत्रूची रडारं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाव्याही त्याच्याकडेच. खुद्द अमेरिकेच्या एफ-३५ ताफ्यातली मोहिमेला सज्ज विमानं मार्च २०२३ मध्ये ५५ टक्क्यांच्या आसपास होती, असं त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी नोंदवलं आहे. बनवणाऱ्याची ही स्थिती, तर घेणाऱ्याने काय अपेक्षा ठेवायची?

तुर्कस्तानचंही बघा. तो एफ-३५ प्रकल्पात भागीदार होता, त्याचे सुटे भाग बनवत होता. रशियाची एस-४०० ही विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली म्हणून २०१९ मध्ये त्याला बाहेर काढलं. तीच एस-४०० आज आपल्या हवाई संरक्षणाचा कणा आहे.

सुखोई-५७ च्या वाटेवरून तर आपण एकदा जाऊन आलो आहोत. २०१० मध्ये त्यावर आधारित संयुक्त विमानाच्या प्राथमिक आराखड्यासाठी रशियाशी २९.५ कोटी डॉलरचा करार केला, आणि स्टेल्थ, इंजिन, कामाची वाटणी यांवर समाधान न झाल्याने २०१८ मध्ये बाहेर पडलो.

ॲम्काच्या पाच प्रोटोटाइपसाठी मार्च २०२४ मध्ये मंजूर झाले सुमारे १५,००० कोटी रुपये. ३६ राफेल विमानांना आपण सुमारे ५९,००० कोटी मोजले. या दोन आकड्यांकडे पाहिलं तरी कळतं की हात कुठे आखडता घेतला आहे.

उत्तरसीमा

तुमची कळकळ समजते, पण तुम्ही वेळापत्रकाकडे पाहतच नाही आहात.

चीनचं जे-२० जानेवारी २०११ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि २०१७ मध्ये सेवेत आलं. २०२४ च्या मे महिन्यात ते तिबेटमध्ये शिगात्सेच्या तळावर उपग्रहचित्रांत दिसलं. सिक्कीमच्या सीमेपासून हे ठिकाण फार लांब नाही. त्यांचं दुसरं स्टेल्थ विमान, जे-३५, पाकिस्तानला देऊ केल्याचं पाकिस्तान सरकारनेच २०२५ मध्ये जाहीर केलं.

आता आपलं पाहा. तेजस जानेवारी २००१ मध्ये उडालं, पहिली स्क्वाड्रन जुलै २०१६ मध्ये उभी राहिली. साडेपंधरा वर्षं. ॲम्काचं पहिलं उड्डाण २०२८-२९ च्या सुमारास ठरलंय आणि दाखल व्हायचंय २०३५ च्या आसपास. म्हणजे तेजसला लागला त्याच्या निम्म्याहून कमी वेळात, तेजसपेक्षा कितीतरी अवघड विमान. व्हावं, माझीही तीच इच्छा आहे. पण सीमेचं रक्षण इच्छेवर सोडता येत नाही.

आणखी एक मुद्दा, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. स्टेल्थ विमानाविरुद्ध लढायचं कसं हे शिकायला सरावात समोर स्टेल्थ विमान लागतं. आपल्या सुखोई-३० आणि राफेलच्या वैमानिकांना, जमिनीवरच्या रडारचालकांना, सगळ्यांनाच. पडद्यावर क्षणभर येऊन जाणारा ठिपका कसा असतो, तो धरून ठेवायला किती रडारांची माहिती एकत्र करावी लागते, हे सिम्युलेटरवर एका मर्यादेपर्यंतच कळतं. ३६-४० सुखोई-५७ घेतली तर निदान हा अनुभव २०३० च्या आधी पदरात पडेल. नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० बांधणारा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना आहे, रशियन यंत्रसामग्री हाताळणारे तंत्रज्ञ आहेत. सगळं शून्यापासून उभारायचं नाहीये.

एफ-३५ नको, यावर मात्र तुमच्याशी सहमत.

प्रतिध्वनी

माझा प्रश्न दोघांनाही आहे. स्टेल्थचा एवढा आग्रह का? २७ मार्च १९९९ ला सर्बियाने अमेरिकेचं एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं, तेही १९६० च्या दशकातल्या एस-१२५ क्षेपणास्त्राने. मोठ्या तरंगलांबीची रडारं स्टेल्थ विमान पकडतात, त्याच्या उष्णतेवरून माग काढणारे सेन्सरही आता चांगले झालेत. शस्त्रं पोटात ठेवायची म्हणून ती कमी न्यायची, लेपावर खर्च करायचा, आणि शेवटी दिसायचंच. त्यापेक्षा त्याच पैशात तेजस मार्क-१ए दुप्पट घ्या, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं घ्या, ड्रोन घ्या. २९ चा आकडा आधी वर जाऊ दे.

रडारपट

प्रतिध्वनी, संख्येचा मुद्दा रास्त आहे, पण स्टेल्थबद्दल जे लिहिलंत ते अर्धंच आहे.

रडारला विमान किती लांबून दिसतं हे त्याच्या रडार छेदाच्या (रडारला ते किती मोठं भासतं त्या मापाच्या) चौथ्या मुळावर ठरतं. म्हणजे छेद १६ पटीने कमी केलात तर दिसण्याचं अंतर फक्त निम्मं होतं. म्हणूनच तुम्ही म्हणता तसा खर्च येतो, कारण थोड्या सुधारणेचा उपयोगच नसतो. पण छेद १०,००० पटीने कमी केलात तर अंतर दहापटीने घटतं. जे विमान ४०० किलोमीटरवरून दिसायचं ते ४० वर दिसेल. आता नकाशा घ्या. शत्रूने आपली रडारं अशा अंतरावर बसवलेली असतात की त्यांची ४०० किलोमीटरची वर्तुळं एकमेकांत मिसळावीत. ती वर्तुळं ४० किलोमीटरची झाली की मधे मोठमोठी भगदाडं पडतात, आणि त्यातून वाट काढत आत जाता येतं. स्टेल्थचा खरा फायदा हा. विमान अदृश्य होतं असा दावा अभियंते करतच नाहीत.

मोठ्या तरंगलांबीचं म्हणाल तर ते बरोबर आहे. व्हीएचएफ या कमी वारंवारतेच्या पट्ट्यात तरंगलांबी दीड-दोन मीटर असते, विमानाच्या शेपटीच्या आकाराच्या जवळपास, त्यामुळे आकार घडवून परावर्तन वळवण्याची युक्ती तिथे फारशी चालत नाही. पण त्याच कारणाने त्या रडारचा झोत रुंद असतो. 'त्या बाजूला काहीतरी आहे' इतकं कळतं, क्षेपणास्त्र नेमकं नेऊन आदळण्याइतकं नाही. नेम धरणारी रडारं सेंटिमीटरच्या तरंगलांबीवर चालतात, आणि स्टेल्थ विमानाचा आकार त्यांच्याचसाठी घडवलेला असतो. सर्बियातही एफ-११७ वर नेम धरता आला तो जेमतेम १३-१४ किलोमीटरवर, आणि विमानं रोज त्याच त्या वाटेने येत होती म्हणून. त्या सर्बियन तुकडीचं कसब मोठंच होतं. त्या युद्धात त्यांना पाडता आलेलं एफ-११७ मात्र ते एकच.

तेजस दुप्पट घ्या, जरूर घ्या. पण ती त्या ४०० किलोमीटरच्या वर्तुळांत शिरणार कशी?

मेघमंडल

उत्तरसीमा, सरावाचा मुद्दा वजनदार आहे. पण त्यासाठी ४० विमानं?

सुखोई-५७ बद्दल माझी मुख्य शंका वेगळी आहे. पहिला नमुना जानेवारी २०१० मध्ये उडाला. कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलंच मालिका-विमान डिसेंबर २०१९ मध्ये कोसळलं. इतक्या वर्षांनंतरही रशियाच्या स्वतःच्या हवाई दलाकडे त्यांची संख्या तुटपुंजीच आहे, आणि युक्रेन युद्धात त्यांच्या कारखान्यांवर स्वतःच्याच मागणीचा ताण आहे. त्या रांगेत आपण कितवे? तुम्ही म्हणता २०३० च्या आधी अनुभव मिळेल. एस-४०० चा करार २०१८ चा होता, पाचही रेजिमेंट अजून पूर्ण हाती आलेल्या नव्हत्या तोवर २०२५ उजाडलं.

दुसरं, दोन स्क्वाड्रनवर हे थांबत नाही. वेगळी इंजिनं, वेगळी शस्त्रं, वेगळे हँगर, वेगळं प्रशिक्षण. आत्ताच आपण सुखोई-३०, राफेल, मिराज, जॅग्वार, मिग-२९ आणि तेजस असे सहा प्रकार सांभाळतो. सातव्यासाठीचे तंत्रज्ञ आणि पैसे ॲम्काच्याच वाट्यातून जातील.

टर्बाइन

तुमचा सगळ्यांचा वाद विमानाच्या सांगाड्याभोवती फिरतोय. सांगाडा आपण बनवू. नागमोडी हवामार्ग, पोटातला शस्त्रकप्पा, कार्बन कंपोझिट, यांतलं बरंच काम तेजसपासून हाताखालून गेलंय. अडकणार आहे ते इंजिनावर.

ॲम्का २५ टनांच्या वर्गातलं विमान आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीला, मार्क-१ ला, अमेरिकन जीई-४१४ ची दोन इंजिनं, प्रत्येकी ९८ किलोन्यूटन. भागाकार केलात तर पूर्ण भाराला थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) आणि वजनाचं प्रमाण ०.८ येतं. १२० किलोन्यूटनचं इंजिन बसलं की तेच ०.९८ होतं. मधला फरक म्हणजे आफ्टरबर्नर (जास्तीचं इंधन जाळून रेटा वाढवणारा भाग) न पेटवता ध्वनीपेक्षा वेगाने उडण्याची उमेद, लेहसारख्या उंच तळावरून पुरेशा इंधनासकट उठण्याची ताकद.

आणि परक्या इंजिनावर विसंबलं की काय होतं ते ताजंच आहे. तेजस मार्क-१ए साठी जीई-४०४ ची ९९ इंजिनं २०२१ मध्ये मागवली, त्यातलं पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. विमानं तयार होऊन इंजिनाची वाट बघत उभी होती.

तेजससाठीच्या कावेरी या स्वदेशी इंजिनावर १९८९ पासून काम झालं. ८१ किलोन्यूटनचं उद्दिष्ट गाठता आलं नाही आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं. लोक यावरून शास्त्रज्ञांना बोल लावतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. टर्बाइनच्या पात्यावर आदळणारा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षा गरम असतो. पातं वितळत नाही, कारण ते एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं आणि त्याच्या आतून बारीक वाटांनी थंड हवा खेळवलेली असते. ही ओतकामाची विद्या जगात मोजक्या देशांकडे आहे आणि ती कोणी विकत नाही. त्यात आपल्याकडे चाचणीच्या सोयी नव्हत्या. उंचीवरच्या चाचण्यांसाठी कावेरी रशियाला न्यावं लागलं, तिथल्या आयएल-७६ विमानाला लटकवून ते उडवलं. एक दोष सापडला, दुरुस्त केला, की पुन्हा रशियाची तारीख मिळेपर्यंत थांबायचं. अशाने दहा वर्षांचं काम तीस वर्षं चालतं.

आता फ्रान्सच्या साफ्रानसोबत १२० किलोन्यूटन वर्गाचं इंजिन करायचं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलंय. माझं म्हणणं एवढंच: सुखोई-५७ चे पैसे वाचवायचे असतील तर ते चाचणीच्या सोयींत घाला. उंचीवरची स्थिती निर्माण करणारा चाचणीकक्ष, इंजिन लटकवून उडवायला आपलं स्वतःचं मोठं विमान, आणि पात्यांची भट्टी.

उत्तरसीमा

टर्बाइन, इंजिनाचं सगळं मान्य. पण त्यातून एक घातक निष्कर्ष निघू शकतो, तो म्हणजे 'नवं इंजिन येऊ दे, मग विमानं बनवू'. चीनने तसं केलं नाही. जे-२० ची सुरुवातीची विमानं रशियन एएल-३१ इंजिनांवर उडाली, सेवेतही गेली, चिनी इंजिन नंतर बसवलं. तोवर त्यांचे वैमानिक शिकत राहिले, कारखाना चालू राहिला.

मला सुखोई-५७ चं प्रेम नाही. ४१४ इंजिनवाल्या ४० ॲम्का मार्क-१ ची उत्पादनाची ऑर्डर पहिल्या उड्डाणाची वाट न पाहता द्या, जोडणीची जागा आणि यंत्रं आत्तापासून उभी करा, मी माझी मागणी मागे घेतो. आज मंजुरी आहे ती फक्त पाच प्रोटोटाइपची. ती तशीच राहणार असेल, तर दोन स्क्वाड्रन बाहेरून घ्या असंच मी म्हणत राहणार.

मेघमंडल

ऑर्डर आधी द्यावी, याला माझा पूर्ण पाठिंबा. मे २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी खासगी कंपन्यांनाही ॲम्काच्या कामात स्पर्धेने उतरण्याची मुभा दिली. त्यांना स्वतःचे पैसे घालून कारखाना उभारायचा असेल तर पाच प्रोटोटाइपच्या भरवशावर कोण उभारेल? ४० विमानांची लेखी हमी हवीच. ती मिळाली नाही म्हणून सुखोई-५७ घ्या, हे मात्र मला अजूनही पटत नाही. तो पैसा एकदा गेला की ४० ची ऑर्डर आणखी पाच वर्षं मागे पडेल.