मदत हवी आहे: दुरुस्तीची वाट बंद असेल, तर जबाबदारी कोणाची?

नमस्कार. आमच्या वॉशिंग मशीनचे पीसीबी कार्ड, म्हणजे मशीन नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी, जळाले आहे. ड्रम, मोटर, पंप सारे सुस्थितीत असूनही, सुटे कार्ड मिळत नाही म्हणून नवे मशीनच घ्या, असे सेवाकेंद्राने सांगितले. कार्ड पारदर्शक रेझिनमध्ये बुडवून बंद केलेले आहे. आतला काळवंडलेला भाग डोळ्यांना दिसतो, परंतु सोल्डरिंगचे टोक तिथवर पोहोचत नाही. रेझिन ओलाव्यापासून संरक्षण देते, हे मान्य आहे.

१९२४ साली बल्ब उत्पादकांनी ‘फीबस’ गट स्थापन करून बल्बचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणले आणि जास्त टिकणाऱ्या बल्बसाठी दंडही ठेवला. इथे तसा हेतू होता, असा माझा आरोप नाही. पण धडधाकट यंत्र भंगारात जाणार असेल, तर हेतू नसल्याने जबाबदारी संपते का? २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या पाव हिश्श्याचीही रीतसर विल्हेवाट नोंदली गेली नाही. अपरिग्रह आपल्याला गरजेपुरतेच बाळगायला शिकवतो, परंतु बाळगलेली वस्तू टिकूच दिली जात नसेल, तर संयमाचा सारा भार ग्राहकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. याबाबत आपले विचार अवश्य मांडावेत.

ठाणे, ऐरोली किंवा वाशी परिसरात रेझिन काढून असे कार्ड दुरुस्त करणारे विश्वासू कारागीर कोणाच्या माहितीत असतील, तर कृपया कळवावे.