ट्रकचालकाचा पगार किलोमीटरवर असावा की तासावर?

हिशेबनीस
ट्रकचालकाची कमाई विचारली की उत्तर येतं ते किलोमीटरच्या दराचं. त्या दरावरून कष्टाचं मोल कळतच नाही, असं माझं ठाम मत आहे. आठवड्याला २,४०० किमी धरा. सरासरी ६० च्या वेगाने ४० तास चाक फिरतं. सहा ठिकाणी माल भरणं-उतरवणं, दर ठिकाणी अडीच तास, म्हणजे १५ तास. रोज निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, दिवे, ताडपत्री-दोर बघायला अर्धा तास, सहा दिवसांचे ३. काम ५८ तासांचं, पैसे ४० तासांचे. ३१ टक्के वेळ फुकट गेला. पगार तासावरच हवा, आणि गाडीपाशी हजर असलेला प्रत्येक तास त्यात धरला पाहिजे.

दहाचाकी
असहमत. गर्दीची वेळ टाळून पहाटे निघणारा चालक त्याच दिवसात १०० किमी जास्त काढतो. किलोमीटरच्या दरात ते पैसे त्याचे असतात. तासाच्या पगारात लवकर पोचणाऱ्यालाच कमी मिळतं. शिवाय तासावर पगार म्हणजे ओव्हरटाइम मिळेलच असं नाही. अमेरिकेत १९३८ च्या मजुरी कायद्याने ४० तासांपुढे दीडपट दर दिला, पण आंतरराज्य मालवाहतूक करणारे बहुतेक चालक त्यातून वगळले आहेत. साठावा तासही पहिल्याच दराने. दुखणं फुकट थांबण्याचं आहे, तर थांब्याचे पैसे वेगळे लावा. दर कशाला मोडता?

हिशेबनीस
पहाटे निघणं चालकाच्या हातात आहे, गोदामातला थांबा नाही. त्याच अमेरिकेत ड्यूटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आतच ११ तास गाडी चालवता येते. गोदामात पाच तास गेले तरी ते घड्याळ एरवी थांबत नाही. तपासणी आणि डिझेलचा एक तास वजा केला की चालवायला आठच उरतात. ही तूट मग वेग वाढवून नाहीतर झोप कापून भरली जाते. युरोपीय संघाच्या २००६ च्या ५६१ क्रमांकाच्या नियमावलीत म्हणूनच स्पष्ट लिहिलंय: रस्तासुरक्षेला धोका होईल अशा प्रकारे अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर पगार द्यायचा नाही.

ब्रेकशू
दोघंही दरावर भांडताय, पण हातात काय पडतं ते भत्त्यावरही ठरतं. १०० पैकी ६० मूळ पगार आणि ४० प्रवासभत्ता असेल, आणि भत्त्यावर कर नसेल, तर आज हातात जास्त येतं. पण आजारपणातला पगार, निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई हे सगळं बहुतेक वेळा मूळ पगारावर मोजतात. पाय मोडून तीन महिने घरी बसायची वेळ आली की हिशेब ६० चाच. नोकरी धरताना मूळ पगाराचा आकडा वेगळा लिहून घ्या.

स्वतःची गाडी असेल तर आणखी फसगत होते. १,००० किमीचं भाडं मिळालं आणि परतीत ४०० किमी रिकामी आली, तर भाड्याला १,४०० ने भागा. लिटरला ४ किमी पडत असतील तर डिझेल ३५० लिटर. टायरमध्ये हवा कमी राहून ३.६ वर आली तर ३८९. इंजिन चालू ठेवून झोपलं तर तासाला साधारण ३ लिटर वेगळेच. टायर आणि इंजिनकामाचे पैसे दर किलोमीटरमागे बाजूला काढले नाहीत, तर कमाई वाटणारी रक्कम खरं म्हणजे पुढच्या टायरची असते.

दहाचाकी
भत्त्याचं पटलं. तासाच्या पगाराचं अजून नाही. करारात थांब्याचं कलम नीट असेल तर किलोमीटरचा दरच बरा: पहिले दोन तास माफ, पुढे दर तासाला चालकाच्या सरासरी तासकमाईइतके पैसे. घोळ होतो तो वेळेच्या नोंदीत. गोदामाच्या वहीत गाडी आत घेतल्याची वेळ पडते, बाहेर रांगेत गेलेले चार तास कुठेच दिसत नाहीत. पोचल्याबरोबर फाटकावर वेळ घालून सही घ्यायची. सही नाकारली तर जीपीएसची नोंद पोचपावतीला जोडायची.

हिशेबनीस
नोंदीचं अगदी बरोबर. पण दोन तास माफ का? सहा ठिकाणचे १२ तास झाले, म्हणजे वरच्या १५ पैकी तीनच तासांचे पैसे मिळणार. गिऱ्हाइकाला सवलत द्यायची तर मालकाने स्वतःच्या भाड्यातून द्यावी, चालकाच्या तासांतून नको.