अणुअभियंता थेट परराष्ट्रमंत्री? सालेहींना हे जमलं कसं?

उत्सुक_निनाद:
इराणच्या २०१५ च्या अणुकरारावर (निर्बंध उठवण्याच्या बदल्यात अणुकार्यक्रमावर मर्यादा) काहीही वाचायला घेतलं की अली अकबर सालेही हे नाव येतंच. कधी इराणच्या अणुऊर्जा संघटनेचे प्रमुख, कधी परराष्ट्रमंत्री, मग परत अणुऊर्जा. १९७७ साली एमआयटीतून अणुअभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतलेला माणूस परराष्ट्र खात्यात पोचला कसा? वशिला?

जड_पाणी:
वशिला नाही, व्हिएन्ना! मंत्री होण्याच्या कितीतरी आधी ते तिथल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणचे प्रतिनिधी होते. निरीक्षकांना जास्त मोकळीक देणाऱ्या अतिरिक्त प्रोटोकॉलवर डिसेंबर २००३ मध्ये इराणतर्फे सही केली ती यांनीच. २००९ मध्ये इराणची अणुऊर्जा संघटना हाती आली. डिसेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी परराष्ट्रमंत्री मोत्तकींना काढलं, तेही ते सेनेगलच्या दौऱ्यावर असताना. (पाहुणचार चालू असताना ही बातमी कळणं म्हणजे कमालच.) त्या खुर्चीवर आधी हंगामी आणि जानेवारी २०११ मध्ये संसदेच्या मंजुरीनं कायम म्हणून सालेही बसले.

पण खरं सांगू का, मंत्रिपदाच्या काळात अणुवाटाघाटी त्यांच्याकडे नव्हत्याच. त्या जलीलींकडे, म्हणजे इराणच्याच सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेकडे. मंत्री म्हणून माझ्या लेखी त्यांचं मोठं काम एकच: सर्वोच्च नेते खामेनेई यांची परवानगी काढून ओमानमार्गे अमेरिकेशी गुपचूप बोलणी सुरू करणं.

मेघना_क:
मग २०१५ च्या वाटाघाटींत ते कसे? तोवर परराष्ट्रमंत्री जरीफ होते ना?

जड_पाणी:
होते, आणि तिथेच तर खरी मजा आहे. मंत्रिपद गेलं, नवे राष्ट्राध्यक्ष रूहानींनी २०१३ मध्ये त्यांना परत अणुऊर्जा संघटनेवर नेमलं, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये तांत्रिक मुद्द्यांवर गाडं अडलं तेव्हा बोलावणं आलं. समोर अमेरिकेचे ऊर्जामंत्री मोनिझ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ आणि एमआयटीतच प्राध्यापक राहिलेले. सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी, वेगानं फिरणारी यंत्रं) किती, कोणत्या प्रकारचे, समृद्ध युरेनियमचा साठा किती, समृद्धी (म्हणजे त्यातल्या युरेनियम-२३५ चं प्रमाण) किती टक्के, हे सगळे आकडे एकमेकांत अडकलेले असतात. साठा घटवायला कबूल झालात तर यंत्रं थोडी जास्त मागता येतात. हा हिशेब ज्याला जागच्या जागी मांडता येतो, तोच देवघेव करू शकतो. शेवटी ठरलं ते असं: समृद्धी ३.६७ टक्क्यांपर्यंत, साठा ३०० किलो, नतान्झच्या समृद्धीकरण केंद्रात ५०६० जुनी आयआर-१ सेंट्रिफ्यूज. अराकच्या अणुभट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट भरायचं.

तिरकस_बाबा:
आणि मायदेशात कौतुक काय झालं? त्याच ऑक्टोबरमध्ये सालेहींनी सांगितलं की एका खासदारानं त्यांना मारून वर सिमेंट ओतायची शपथ घेतली आहे!

जड_पाणी:
हो. आणि २०१९ मध्ये याच गृहस्थांनी टीव्हीवर सांगितलं की अराकच्या गाभ्यातल्या ज्या नळ्या काँक्रीटनं भरल्या, तशाच नळ्यांचा दुसरा संच त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता, आणि देशात हे फक्त सर्वोच्च नेत्याला ठाऊक होतं.