मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन नॅरोबोटने लँगोलेन कालवा, लॉकचं कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी,

आईबाबा जूनमध्ये सांगलीहून आमच्याकडे बर्मिंगहॅमला येतायत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. कालवा, बंधारा, दरवाजे हे त्यांचे जन्माचे विषय. म्हणून या खेपेला आठवडाभर नॅरोबोट (आत राहायची सोय असलेली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेऊन लँगोलेन कालव्यातून वेल्समध्ये जायचं मनात आहे. १८०५ साली पुरा झालेला पोंटकसिल्टेचा जलसेतू त्यांना काहीही करून दाखवायचा आहे. डी नदीच्या ३८ मीटर वरून लोखंडी पन्हाळीतून बोट जाते!

बोट चालवायला परवाना लागत नाही, निघण्याआधी शिकवतात, एवढं कळलंय. धास्ती आहे ती लॉकची, म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेल्या हौदांची, ज्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. कालव्याच्या इंग्लंडकडच्या टोकापासून, हर्लस्टनपासून निघालं तर वाटेत २१ लॉक, त्यातले सहा ग्रिंडली ब्रुकला आणि त्यातही तीन एकमेकांना चिकटलेले. काम करणारे आम्ही दोघंच. आईचे गुडघे दुखतात, बाबांना उंचीवर गरगरतं, मुलं दहा आणि सहा वर्षांची. झेपेल का? कुठून सुरुवात करावी? आणि लॉकमध्ये असताना मुलांना कुठे ठेवायचं?

प्रतिसाद १

जरूर जा, पण हर्लस्टनहून नको. व्हिटचर्चहून निघा. ग्रिंडली ब्रुक मागे राहतं आणि लँगोलेनपर्यंत न्यू मार्टनचे दोनच लॉक लागतात. बाबांना लॉक बघायला मिळेल आणि तुमची दमछाक होणार नाही. वेग ताशी चार मैलांच्या आत ठेवायचा असतो, प्रत्यक्षात त्याहूनही कमी पडतो. जायला दोन-तीन दिवस धरा, यायला तेवढेच.

एकाने टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर राहायचं, दुसऱ्याने काठावर. काठावरच्याकडे विंडलास, म्हणजे काटकोनात वाकवलेलं लोखंडी हँडल. त्याने पाणी सोडायच्या झडपा उघडायच्या. झडप उघडी धरून ठेवणारी खिटी बसली की हँडल लगेच काढून हातात घ्या. खिटी सुटली तर ते गरागरा फिरतं आणि हात मोडू शकतो. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय दरवाजा हलत नाही. जोर लावू नका, थांबा. पातळी जुळली की लांब लाकडी दांड्याला पाठ लावून रेटलं तरी उघडतो.

जाताना तुम्ही चढणार, येताना उतरणार. उतरताना डोळ्यांत तेल घालून बघा. वरच्या दरवाज्याला लागून पाण्याखाली एक उंबरठा असतो, सिल म्हणतात त्याला. पाणी उतरलं की तो उघडा पडतो. बोटीचा मागचा भाग त्यावर अडकला तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि बोट बुडू शकते. काठावर सिलची खूण रंगवलेली असते, बोट पूर्ण वेळ तिच्या पुढेच ठेवा. काही अडकतंय असं वाटलं तर आधी झडपा बंद, बोलणं नंतर.

मुलं लाइफजॅकेट घालून आत किंवा बाबांसोबत काठावर, दरवाज्यांपासून लांब. टपावर अजिबात नको. आईंना पुढच्या छोट्या डेकवर खुर्ची द्या. बोट घेताना मात्र पायऱ्या किती आणि किती उंच, हे आधी विचारा.

प्रतिसाद २

जलसेतूवर एका बाजूला कठडा आणि पायवाट आहे, दुसऱ्या बाजूला पन्हाळीची कड पाण्याच्या जेमतेम वर आणि पुढे थेट दरी. काकांना आत बसवून पायवाटेकडच्या खिडकीतून बघू द्या. तिथून पुढे लँगोलेनपर्यंत काही जागी कालवा इतका अरुंद आहे की समोरून बोट आली तर अडकायला होतं. एकाने पुढे चालत जाऊन वाट मोकळी आहे का ते फोनवर सांगायचं.

गॅसची शेगडी असते, त्यामुळे पोहे, खिचडी सगळं होतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. व्हिटचर्च नक्की केलं. बाबांनी फोनवर लगेच विचारलं, एवढ्या कालव्याला पाणी कुठून येतं?

प्रतिसाद १

लँगोलेनच्या वर हॉर्सशू फॉल्स नावाचा टेलफर्ड या अभियंत्याने बांधलेला अर्धगोल बंधारा आहे. तिथे डी नदीचं पाणी कालव्यात वळवलंय आणि ते थेट हर्लस्टनच्या तलावापर्यंत जातं, पिण्यासाठी. म्हणून या कालव्याला चक्क प्रवाह आहे आणि जाताना बोट जरा जड चालते. बंधाऱ्यापर्यंत तुमची बोट जाणार नाही, पण लँगोलेनच्या धक्क्यावरून घोड्याने ओढायच्या बोटी त्या बाजूला फेरी मारतात. त्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा.