प्रथिनांचा थर बदलत राहतो

रक्तातली प्रथिनं नॅनोकणाला (मीटरच्या अब्जांश मापातल्या अतिसूक्ष्म कणाला) एकदा चिकटली की चिकटलीच, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. रक्तात कणापर्यंत आधी पोचतात ती मुबलक, चपळ प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन. मग संख्येने कमी पण पृष्ठभागाशी घट्ट जुळणारी प्रथिनं त्यांना हटवतात (व्रोमन परिणाम). बाहेरच्या सैल थरात तर सतत ये-जा चालू असते.

मला खरी काळजी वाटते ती प्रथिनाची घडी उलगडण्याची. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचं आवरण असलेल्या सोन्याच्या नॅनोकणांवर फायब्रिनोजेन (रक्त गोठवायला लागणारं प्रथिन) असंच उलगडतं, त्याचा दडलेला भाग उघडा पडतो आणि पांढऱ्या पेशींवरचा मॅक-१ हा ग्राही (रिसेप्टर, संकेत पकडणारं प्रथिन) जागा होऊन दाहाचे संकेत सुटतात. म्हणून नुसत्या बफरमधल्या (प्रथिनं नसलेल्या क्षार-द्रावणातल्या) चाचणीवर विसंबू नका, प्लाझ्मामध्येही (फायब्रिनोजेनसह असलेल्या रक्तद्रवातही) तपासा.