मदत हवी आहे: पाण्यात आवाज जोरात पळतो, मग प्रकाश का मंदावतो?

भाची दहावीला आहे. नववीत ध्वनी झाला, आता अपवर्तन (माध्यम बदलताना प्रकाशाचं वाकणं) चालू आहे आणि तिने मला पेचात पकडलंय. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात जवळपास १,५००. प्रकाशाचं उलटं: हवेत जवळजवळ ३ लाख किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाख. असं का?

आवाजाचं अर्धं उत्तर मी दिलं. क्लासमध्ये सांगतात तसं 'घनता जास्त म्हणून वेग जास्त' हे खरं नाही. हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका, तरी त्यात आवाज हवेच्या जवळजवळ चौपट वेगाने जातो. पाणी दाबायला अवघड, ढकललं की लगेच पुढे ढकलतं, म्हणून वेग. हे तिला पटलं.

प्रकाशापाशी गाडी अडली. 'तो रेणूंवर आपटत आपटत जातो' असं सगळीकडे सांगतात, पण तसं असतं तर किरण दहा दिशांना विखुरला असता. तो तर काचेतून सरळ निघतो, रंगही बदलत नाही! रेणूंमधले इलेक्ट्रॉन हलतात आणि त्यांच्या लहरी मूळ लहरीत मिसळतात, एवढं मला माहीत आहे. पण ते गणिताशिवाय दहावीच्या पोरीला कसं सांगायचं?

आणखी एक. फुग्यात कार्बन डायऑक्साइड भरला (सोडा-व्हिनेगरचा चालेल ना?) तर तो आवाजासाठी बहिर्वक्र भिंगासारखा वागतो, म्हणजे आवाज एका जागी गोळा करतो. कुणी घरी करून पाहिलंय का? फुगा केवढा घ्यावा, स्पीकर किती लांब ठेवावा?