खानदेश लिंकसंग्रहाचे टॅग : आखाजी की अक्षय्य तृतीया?

प्रेषक: दुवे समिती
विषय: खानदेश लिंकसंग्रहाचे टॅग आवरायचे आहेत

नमस्कार मंडळी,

आपल्या खानदेश लिंकसंग्रहात ज्याने त्याने सुचेल तो टॅग लावलाय. एकाच सणाला कुणी 'कानबाई', कुणी 'कानुबाई', तर कुणी नुसतं 'रोट' लिहिलंय. 'खानदेश' आणि 'खान्देश' वेगवेगळे पडलेत. 'नंतर वाचू' हासुद्धा टॅग आहे. मला वाटतं इतिहास, भाषा, सण, खाद्यपदार्थ, शेती असे वीसेक टॅग ठरवावेत आणि बाकीचे काढून टाकावेत. मराठी शाळेच्या मुलांना शोधायला सोपं जाईल. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा. नाना, तुम्ही अमळनेरला इतकी वर्षं ग्रंथालय सांभाळलंत, तुमचं मत हवंच.

ताई

---

प्रेषक: नाना, अमळनेर
विषय: उत्तर: खानदेश लिंकसंग्रहाचे टॅग आवरायचे आहेत

ताई,

माझी हरकत आहे. कारण जरा सविस्तर लिहितो.

ठरावीक विषयांना माझा विरोध नाही, आयुष्य त्यातच गेलं. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी भाषेला 491.46 आणि मराठी साहित्याला 891.46 असे क्रमांक आहेत. ग्रंथालयात हे लागतंच, कारण प्रत एक असते आणि ती एकाच फळीवर ठेवावी लागते. लिंकला फळी नसते. ती एकाच वेळी दहा ठिकाणी सापडली तरी कुणाचं काही अडत नाही.

भरिताचा तो व्हिडिओ घ्या. शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर वांगी भाजतात, मग लाकडी बडगीत ठेचतात. त्याला आपल्या लोकांनी 'भरीत', 'पऱ्हाटी', 'बडगी', 'हिवाळा' असे टॅग लावलेत. तुमच्या यादीप्रमाणे उरेल फक्त 'खाद्यपदार्थ'. ज्याला बडगी बघायची आहे, त्याने मग सगळ्या पाककृती चाळत बसायचं का? 'बडगी' हा टॅग लावणाऱ्याने आपल्याला फुकटात मोठं काम करून दिलंय. तो पुसू नका.

भाषेचं तर फारच नाजूक आहे. इंग्रजी अमदानीतल्या ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला आणि खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, बसवली नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींसोबत. तो भाग 1907 साली निघाला. आजही कुणी अहिराणीला मराठीची बोली म्हणतं, कुणी स्वतंत्र भाषा. आपण टॅगवाल्यांनी यात निकाल का द्यावा? दोन्ही बाजूंचे टॅग राहू द्या. बहिणाबाईंच्या कवितांना कुणीतरी 'अहिराणी' लावलंय. ती बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली आहे, आणि त्यांच्या माहेरचा, असोद्याकडचा माणूस हे ठासून सांगेल. तरीही मी तो टॅग काढणार नाही. मराठी शाळेतली पोरं 'अहिराणी' याच नावाने शोधतील. त्या वाटेने येऊ द्या त्यांना, फक्त लिंकच्या वर्णनात खरी बोली कोणती ते एका ओळीत लिहा.

लोकांनी आपापल्या शब्दांत टॅग लावायच्या या रीतीला थॉमस व्हँडर वाल यांनी 2004 मध्ये 'फोकसॉनॉमी' असं नाव दिलं. ती रुजवली जोशुआ शॅक्टर यांच्या 'डिलिशस' या लिंका साठवायच्या संकेतस्थळाने, 2003 पासून. तिथे एकाच पानाला पुष्कळ लोक टॅग लावत आणि काही काळाने नेमके चार-पाच शब्द आपोआप वर येत. आपल्याकडे तसं होणार नाही, कारण एका लिंकला टॅग लावणारे जेमतेम तीन-चार जण. म्हणून जोडणी हाताने करावी लागेल, इथवर तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

जोडायचं म्हणजे ग्रंथालयातल्या जुन्या तालिकापत्रांवर, म्हणजे पुस्तकसूचीच्या कार्डांवर, एका नावावरून दुसऱ्याकडे पाठवणारी 'पाहा' नोंद असे तसं. 'आखाजी' उघडली की 'अक्षय्य तृतीया'च्या लिंकाही दिसाव्यात, आणि उलटही. 'कानुबाई' कानबाईला जोडा, पण 'रोट' वेगळा राहू दे, त्यात तो पदार्थ करायच्या कृतीच्या लिंका आहेत. 'उमवि', म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, त्याच्या आताच्या नावाला जोडा. बहिणाबाईंचं नाव 2018 मध्ये लागलं, त्याआधीचे सगळे प्रबंध जुन्या नावावर आहेत. 'पूर्व खानदेश' आणि 'पश्चिम खानदेश' यांना तर हातच लावू नका. 1906 मध्ये जिल्हा विभागला गेला, त्यानंतरची कागदपत्रं याच नावांनी आहेत.

एक तांत्रिक गोष्ट. 'पऱ्हाटी' यादीत दोनदा दिसते आणि दोन्ही शब्द डोळ्यांना सारखेच. त्यातला 'ऱ्ह' दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप झालाय, म्हणून संगणक त्यांना वेगळे धरतो. 'वऱ्हाड'चंही तेच, वर त्यात लग्नाची गाणी आणि विदर्भ एकत्र झालेत. अशी खरी घाण मात्र जरूर काढा.

नाना

---

प्रेषक: दुवे समिती
विषय: उत्तर: उत्तर: खानदेश लिंकसंग्रहाचे टॅग आवरायचे आहेत

नाना,

बडगीचं पटलं. 'पाहा' नोंदी करायला घेते. पण मुलांसाठी वीस मोठे विषय मला हवेतच. लोकांचे टॅग खाली तसेच राहतील, वर हे विषय येतील. आणि 'नंतर वाचू' मी सगळ्यांच्या यादीतून काढणार. ज्याचं त्याने स्वतःच्या यादीत ठेवावं.

ताई

---

प्रेषक: दादा, धुळे
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: खानदेश लिंकसंग्रहाचे टॅग आवरायचे आहेत

ताई, नाना,

'फड' राहिला की! पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांतून शेतीला पाणी द्यायची फड पद्धत आणि तमाशाचे फड, दोन्ही एकाच टॅगखाली आलेत. शेतीवाल्यांना ढोलकी ऐकू येते आणि तमाशावाल्यांना पाटचाऱ्या दिसतात. 'फड-पाणी' आणि 'फड-तमाशा' करू का? मधे जोडरेघ ठेवतो, म्हणजे शब्द तुटायचे नाहीत.

आणि सगळ्या लिंका टॅगांसकट दर महिन्याला एका साध्या फाइलीत उतरवून ठेवू. डिलिशस याहूने 2005 मध्ये घेतलं, पुढे ते एकाकडून दुसऱ्याकडे विकलं गेलं आणि 2017 मध्ये पिनबोर्ड या तसल्याच संकेतस्थळाने घेऊन नव्या नोंदी बंदच केल्या. ज्यांनी आपली यादी आधीच उतरवून घेतली होती, त्यांना घोर नव्हता. पहिली फाइल मी शनिवारी काढतो.

दादा

---

प्रेषक: नाना, अमळनेर

दादा, दोन्ही फड वेगळे करा. 'पाटचारी' टॅग आधीपासून आहे, तो 'फड-पाणी'ला जोडा. राजवाडे संशोधन मंडळाच्या लिंकांना 'धुळे' लागलेलं नाही, तेही तुम्हीच बघा.